सांताबाबा, यादी देते, पण आधी घरात काय काय आहे ते ऐक

दिवाळीत लक्ष्मीपुढे बसून "मला एक बऱ्यापैकी ओव्हन दे गं बाई" असं म्हणता येत नाही, तिचं खातंच वेगळं, ती पैसे देणार आणि ते पैसे सोसायटीच्या मेंटेनन्सला जाणार. सांताचं बरंय, तो डायरेक्ट वस्तूच आणतो. आणि मी त्याला अरेतुरे करतेय म्हणून कुणी नाक मुरडू नका, आपण विठोबाला पण अरेतुरेच करतो.

आम्ही काही ख्रिश्चन नाही, पण वसईत घर घेऊन २१ वर्षं झाली आणि वसईत राहून नाताळ चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. समोरच्या आंटींकडून २५ तारखेला सकाळी क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट येतं, कुलकुल, नेवऱ्या, डेट रोल, मिल्क क्रीम आणि केकचे चार तुकडे. आमच्याकडून दिवाळीत चकली-करंजी जाते. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही घरांत सारखाच. तर सहा-सात वर्षांपूर्वी मला काय सुचलं, म्हटलं यांचं ताट यांच्याच सणाला आपण केक करून परत करायचं, आणि तिथून माझ्या किचनमध्ये एकेक वस्तू शिरायला लागली. त्या कशा निघाल्या हे सांगितल्याशिवाय नवीन यादी देण्यात अर्थ नाही, नाहीतर तू परत तेच आणशील.

मी स्टार वगैरे देत नाही. स्टार देणारे लोक खोकं उघडल्याउघडल्या पाच देऊन मोकळे होतात, डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग मस्त, अरे पण ती वस्तू एकदा तरी घासून बघितलीस का? माझ्याकडे एकच माप आहे, घासायला किती मिनिटं लागतात. बाकी सगळं नंतर.

एअर फ्रायर. हा लेकाने पहिल्या पगारातून आणला, त्यामुळे याबद्दल मी घरात काही बोलत नाही, इथे बोलते. खोक्यावर लिहिलंय चार माणसांसाठी. ती चार माणसं मला एकदा बघायची आहेत. आमच्या घरात पाच जण आणि त्यात एका वेळी बसतात सहा कटलेट, म्हणजे पहिल्याचं खाऊन हात धुवून होतात तेव्हा पाचव्याची प्लेट येते, आणि ती पाचवी कुणाची असते हे बायकांना सांगायला नको. नावात फ्रायर असलं तरी आत तेलबिल काही नाही, हीटर आणि पंखा, म्हणजे गरम वाऱ्याचा छोटा ओव्हनच तो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी त्यात कांदाभजी सोडली नसती. भज्याचं पीठ तेलात पडलं की बाहेरून लगेच धरतं, वाऱ्यावर कोण धरणार, सगळं जाळीतून खाली गळलं आणि वर नुसता कांदा राहिला वाळून. त्या जाळीची भोकं मी टूथपिकने साफ केली, २५ मिनिटं. वर कामाच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी तारेच्या घासणीने असा काही चकाचक करून दिला की काळं कोटिंग अर्धं गेलं, आता त्यात खाली कागद घालावा लागतो. शेंगदाणे मात्र झकास भाजतो, कालचे समोसे परत कुरकुरीत करतो, पापड एक नंबर. बांगडा पण चांगला होतो, फक्त त्यानंतर तीन दिवस दुसरं काही करायचं नाही, मी केलेले कपकेक, आईंनी एकच घास खाल्ला आणि विचारलं, "यात सुकट घातलीयस का गं?"

आई म्हणजे सासूबाई. त्यांची विळी त्यांच्या लग्नातली आहे, पन्नास वर्षं होऊन गेली, तिच्यावर भाजी चिरते, मासा कापला जातो, पुढच्या खवणीवर नारळ, आणि घासायला २० सेकंद. मी काहीही नवीन आणलं की त्या फक्त विळीकडे बघतात, बोलत नाहीत काही. हा पण एक रिव्ह्यूच आहे.

मिक्सरवर फार बोलत नाही. ७५० वॅटचा आहे, वाटण बारीक होतं, पण सकाळी सहाला डब्याची चटणी लावली की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठतं आणि त्याची आई मला लिफ्टमध्ये बघून हसत नाही. तर सांता, पहिली मागणी लिहून घे, मुका मिक्सर. आणि अजून एक, मागच्या डिसेंबरात ऐन काजू वाटताना हा बंद पडला, मी रिक्षा करून रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं, चालू झाला, पन्नास रुपये घेतले. जास्त लोड आला की ते बटण आपोआप बाहेर येऊन मोटर वाचवतं, हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. ते पुस्तक आमच्याकडे ड्रॉवरचा तळ झाकायला घातलंय.

कुकर. सगळ्या महाराष्ट्राला शिट्ट्या मोजायची सवय आणि शिट्ट्यांचा काही भरवसा नाही, गॅस मोठा असेल तर पाच मिनिटांत चार होतात आणि डाळ तशीच कच्ची. खरी रीत काय, पूर्ण प्रेशर आलं की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची, मला हे माहितीय, तुम्हाला पण माहितीय, कोण करतं? तरी सांता, दुसरी मागणी, शिट्ट्या स्वतः मोजून सांगणारा कुकर. सध्या आमच्याकडे मी बाथरूममधून ओरडते "किती झाल्या?" आणि हॉलमधून तीन माणसं तीन वेगळे आकडे सांगतात. घासायला ४ मिनिटं, त्यातली दोन मिनिटं रिंग शोधायला.

आता मेन गोष्ट, ओटीजी. वर खाली रॉड असलेला तो ओव्हन, ३५ लिटर, सेलमध्ये घेतला, आणि मला कुणीतरी आधी विजेचं गणित शिकवायला पाहिजे होतं. किचनमधले साधे प्लग ६ अँपिअरचे, २३० व्होल्टने गुणलं तर १३८० वॅट येतात, आणि हा बाबा १६०० वॅट खातो, म्हणजे याला लागतो १६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉईंट. किचनमध्ये तसा एकच आहे, तो फ्रिजच्या मागे अशा ठिकाणी की फ्रिज सरकवायला दोन माणसं आणि एक शिवी लागते. दुसरा गीझरचा, बाथरूममध्ये. तिसरा बेडरूममध्ये, एसीचा. एसी डिसेंबरात बंदच असतो. तर गेली पाच वर्षं माझे सगळे केक बेडरूममध्ये होतात, शिलाई मशीनच्या टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, कारण मागून पण चांगलाच तापतो. नवऱ्याचं म्हणणं असं की डिसेंबरभर त्याच्या उशीला व्हॅनिलाचा वास येतो. मला यात तक्रार काय आहे ते कळलं नाही.

पण ते परवडलं, खरा त्रास त्याच्या नॉबचा. नॉबवर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे हे ज्याने मानलं तो फसला. पहिल्या दोन वर्षांत माझ्या केकला वरून काळी टोपी, खालून कोळसा आणि मधोमध खड्डा, खड्ड्यात लापशी. मी खड्ड्यात क्रीम भरून "डिझाईन आहे" म्हणून नेलं एकदा, आंटी काही बोलल्या नाहीत, नुसत्या "छान गं" म्हणाल्या, आणि आंटी जेव्हा नुसतं छान म्हणतात तेव्हा समजून जायचं. मग ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला, दोन-तीनशेचं काम, घड्याळासारखं गोल, जाळीवर उभं राहतं. नॉब १८० वर आणि काटा २१५ वर! म्हणजे मला केक करायचाय आणि हा भाकरी भाजतोय. तेव्हापासून मी नॉब दीडशेच्या जरा अलीकडे ठेवते, नेलपेंटने खूण केलीय, आणि फ्रूट केक असेल तर डब्याला बाहेरून वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी सुतळीने बांधते, म्हणजे मध्यापर्यंत शिजेस्तोवर कडा जळत नाहीत. ही पट्टी आंटींनी शिकवली. पट्टी रॉडला टेकू द्यायची नाही एवढं बघायचं, हे पण त्यांनीच शिकवलं, मला आठवण जरा उशिरा झाली.

एक गोष्ट मात्र हा ओव्हन मनापासून करतो, बेबिंका. आंटींची सून गोव्याची, तिच्याकडून उतरवून घेतलेली. नारळाचं दूध, अंड्यांचे पिवळे, साखर, थोडा मैदा, जायफळ, आणि प्रत्येक थर वेगळा भाजायचा, वरून आच, मग तूप, मग पुढचा थर. गोव्यात पूर्वी झाकणावर निखारे ठेवून करायचे, आपल्याकडे फक्त वरचा रॉड लावला की झालं. लोक सोळा थर करतात, मी सातावर थांबले, साडेतीन तास बेडरूममध्ये स्टुलावर बसून होते, मधे मधे नवरा आत यायचा, कपाटातून बनियन काढायचा आणि विचारायचा कितवा मजला झाला. झाली मात्र अशी की आईंनी दोनदा मागून घेतली, अंडी आहेत माहिती असून. घासायला ट्रे १० मिनिटं, रॉडवर सांडलेलं तूप निघतच नाही, पुढच्या वेळी जळून धूर होतो तेवढंच.

तर तिसरी मागणी, खरं बोलणारा नॉब. बाकी ओव्हन तोच ठेव, सवय झालीय.

ओटीजीच्या आधी मी बेकरीच्या भट्टीवर जायचे, आणि त्या सर्व्हिसबद्दल लिहिलंच पाहिजे. ज्यांच्या लहानपणी आई मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून नानकटाई भाजायला बेकरीत घेऊन जायची त्यांना माहिती असेल, दिवाळीआधी ती रांग, ते काळे मोठे पत्रे, आणि "बाई, अजून एक तास" असं तीन वेळा सांगणारा मुलगा. आमच्याकडे नाताळच्या आधी तशीच रांग केकच्या डब्यांची लागते. घरी मिश्रण करून डब्यात ओतायचं, वर चिठ्ठी, आणि रिक्षात मांडीवर घेऊन जायचं, तेही हलू न देता, आमच्या रस्त्यांवरून. पावाची भट्टी भाजून झाली की तिची उरलेली मऊ आच केकला मिळते, आणि लाकडाच्या त्या आचेवर जो केक होतो ना, कडेला काळपट-चॉकलेटी, आत ओलसर, तो माझ्या ३५ लिटरात जन्मात होणार नाही, हे मान्य. पण चिठ्ठी कागदाची आणि भट्टी विस्तवाची. त्या वर्षी कुणाचीच चिठ्ठी उरली नव्हती, मी दिसायला सारखा डबा उचलून आणला आणि घरी कापल्यावर कळलं की हा आपला नाही, कारण यात रम आपल्यापेक्षा दुप्पट होती आणि काजू तिप्पट. माझा कुणाकडे गेला देव जाणे, त्यांचा नाताळ मी बिघडवला असणार. आम्ही तो केक परत केला नाही. सांता, हे तुझ्या वहीत असेलच, आता कबूल केलंय. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांना हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, धुराचं कारण खरं आहे, आमच्या मावशींचा दमा बघून मी काही बोलू शकत नाही, पण ती चव गॅसवर येणार नाही एवढं लिहून ठेवते. रिव्ह्यू म्हणाल तर चव पैकीच्या पैकी, चिठ्ठीची सिस्टीम शून्य, आणि डबा ते पुसून देतात, घासायला २ मिनिटं.

मग क्रॉफर्ड मार्केट. केकचे डबे, मिल्क क्रीमचे रबरी साचे, इसेन्स, मार्झिपॅनचे रंग, जे पाहिजे ते तिथे आणि आजूबाजूच्या गल्लीत मिळतं, आणि डिसेंबरात सगळ्या वसई-वांद्र्याच्या बायका तिथेच असतात. मी मरीन लाइन्सला उतरून चालत जाते. दुकानवाला विचारतो किती इंची, आणि तिथल्या त्या झगमगाटात माणूस नेहमी घरापेक्षा मोठं बोलतो, मी म्हटलं बारा. बारा इंची डबा घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये लेडीज डब्यात चढणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, एकीने तो डोक्यावर धरला, दुसरीने त्यात आपली पर्स ठेवली, बोरिवलीपर्यंत तो डबा माझा राहिलाच नव्हता. घरी आल्यावर ओव्हनचं दार लागेना. बारा इंची डबा आत गेला पण दार लागेना! आता त्यात आई वाल भिजत घालतात. रबरी साचे मात्र घ्याच, द्राक्षांचा घड, मासा, फूल, साच्याच्या एकेका पानावर आठ-दहा खाचे असतात, दूध-साखर-काजूचं मिश्रण कोमट असताना तुपाचा हात लावून दाबायचं आणि लगेच काढायचं. भारीतले सिलिकॉनचे पण आणले होते, त्यातून माशाचं शेपूट कधी सुटलंच नाही, सगळे मासे लांडे. साच्याच्या बारीक नक्षीत अडकलेला काजू जुन्या ब्रशने काढायचा, ६ मिनिटं, चालतंय.

कुलकुलांसाठी काही मागत नाही. काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायचे, त्यासाठी पण म्हणे ऑनलाइन लाकडी बोर्ड मिळतो साडेतीनशेला. कंगवा वीस रुपयांना येतो. फक्त घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं की हा कंगवा कुठला ते.

प्लास्टिकचे डबे आणि झाकणं यावर मी बोलले तर रात्र सरेल. १८ डब्यांचा सेट, तीन वर्षांत डबे १४ आणि झाकणं ९, आणि त्या ९ पैकी एकही त्या १४ पैकी एकालाही बसत नाही. हे गणित मला कुणी समजावून सांगावं. चौथी मागणी, झाकणं. नुसती झाकणं.

आणि आता ती एक वस्तू जिच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही, डिजिटल वजनकाटा. पाटीएवढा, ५ किलोपर्यंत मोजतो, दोन छोटे सेल, आणि घासायचा नाहीच, फडक्याने पुसला की झालं, शून्य मिनिटं. घेतला तेव्हा नवरा म्हणाला आता पोळ्या पण ग्रॅमवर देणार का. पण याच काट्याने सगळा घोळ बाहेर काढला. झालं असं की आंटींची केकची रेसिपी मी वर्षानुवर्षं तोंडी ऐकून करत होते, तीन कप मैदा, चार अंडी, बटर "असं एवढं", जाळलेल्या साखरेचं पाणी "काळं होईस्तोवर पण कडू नाही", रममध्ये भिजवलेले मनुके-खजूर दोन मुठी. मी त्यात वसईची सुकेळी पण बारीक चिरून घालते, राजेळी केळ्यांची, वाळवलेली, मधासारखी, ही माझी स्वतःची भर आणि याचं कौतुक आंटींनी स्वतः केलंय, नुसतं छान म्हणून नाही. तर थर्मामीटर आला, पट्टी बांधली, तरी मधला खड्डा काही जाईना, मनुके सगळे तळाला, आणि मी सगळ्या दुनियेला सांगत होते की ओव्हन भंगार आहे. गेल्या वर्षी काटा पिशवीत घालून सरळ त्यांच्या किचनमध्ये जाऊन बसले. म्हटलं आंटी, तुम्ही नेहमीसारखं करा, मी फक्त मधे मधे काटा सरकवते. त्यांनी कप काढला. कान तुटलेला चहाचा कप, निळ्या फुलांचा, त्यात मैदा शीग लावून, वर दोनदा आपटून. काट्यावर ठेवला, कप वजा करून १६५ ग्रॅम. माझा मेजरिंग कप सपाट भरून १२५ भरतो. तीन कपांत १२० ग्रॅमचा फरक! इतकी वर्षं माझ्या केकमध्ये जवळजवळ अख्खा कपभर मैदा कमी पडत होता, मग तो उभा राहणार कशाच्या जोरावर, मनुके तरी कशाला धरून राहणार. ओव्हनला मी जे जे बोलले त्यातलं अर्धं परत घेते. अर्धंच, नॉब खोटाच आहे.

मी विचारलं, आंटी, मग तुम्ही मला कप म्हणताना हा कप असं का नाही सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं कप म्हणजे कप, आमच्या घरात हाच आहे."

तर सांता, पाचवी आणि शेवटची मागणी, तसा कप. निळ्या फुलांचा, कान तुटलेला असला तर उत्तम. मुका मिक्सर, झाकणं, खरा नॉब यातलं काही जमलं नाही तर राहू दे. आमच्याकडे चिमणी नाही, किचनच्या खिडकीला ग्रिल आहे, बेल वाजव आणि चपला बाहेर काढ.

आता थांबते, आत टिंग झालंय. दिवा लावता येत नाहीये कारण नवरा झोपलाय, केक अंधारातच बाहेर काढायचाय, आणि थर्मामीटर बघायला मोबाईलचा टॉर्च लावला तर तो कुशीवर वळून विचारतोय, "खड्डा पडला का?"

नाही पडला. सकाळी फोटो टाकते.